वाफेच्या वाटेवर (लेखांक ५) : कुलूपबंद डबा

बॉयलर फुटण्याच्या हकिकती गेल्या आठवड्यात वाचल्यावर कोणालाही वाटेल, की त्या काळी इंजिनापासून जितके लांब बसावे तितके बरे. ते खरेही होते. पण अगदी शेवटच्या डब्यात बसले तरी एका गोष्टीपासून सुटका नव्हती, आणि ती म्हणजे त्या डब्याचे दार. उघडे असले तरी जीव जायचा, बंद असले तरी जायचा.

उघड्या दाराची गोष्ट पहिल्याच दिवशी घडली. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाचे उद्घाटन होते. पार्कसाइडला इंजिने पाणी घ्यायला थांबली. उतरू नका अशी सूचना आधीच छापून वाटलेली होती, तरी बरीच मंडळी पाय मोकळे करायला खाली उतरली. लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन त्यांत होते. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी त्यांचे बिनसले होते. या निमित्ताने दोन शब्द बोलून घ्यावेत म्हणून ते त्यांच्या डब्यापाशी गेले. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ नावाचे इंजिन आले. रॉकेटला ब्रेकच नव्हता. इंजिन उलटे चालवून थांबवायचे, आणि त्याला वेळ लागायचा. हस्किसन गडबडले आणि ड्यूकच्या डब्याच्या दाराला धरून लोंबकळले. दार बाहेरच्या बाजूला उघडले आणि त्यांना घेऊन थेट रॉकेटच्या वाटेत गेले. त्याच रात्री त्यांचा मृत्यू झाला.

प्रवाशांचा बेशिस्तपणा एवढ्यावर थांबला नाही. वाऱ्याने टोपी उडाली की चालत्या गाडीतून उडी मारणारेही निघाले. घोडागाडीतून असे उतरायची सवय होती, आणि आगगाडीचा वेग नजरेने ओळखायला लोक अजून शिकायचे होते. डबेही घोडागाडीच्याच वळणाचे, म्हणजे छोट्या छोट्या खोल्या एका चौकटीवर ओळीने बसवलेल्या. एका खोलीतून दुसरीत जायला वाट नाही; बाहेर पडायचे तर बाजूच्या दारातूनच. तेव्हा कंपन्यांनी सरळ उपाय काढला, गाडी सुटण्यापूर्वी बाहेरून दारे कुलूपबंद करायची. शिवाय फुकट्यांनाही आपोआप आळा बसत होता. कंपनीला यातले कोणते कारण अधिक जिव्हाळ्याचे होते, ते वाचकांनी ठरवावे.

बंद दाराची गोष्ट घडली ती फ्रान्समध्ये. ८ मे १८४२, रविवार. राजा लुई-फिलिपच्या उत्सवानिमित्त व्हर्सायच्या बागेत कारंजी सोडली होती, आणि ती पाहून पॅरिसला परतणाऱ्यांची झुंबड उडाली होती. गाडी लांबलचक, म्हणून पुढे दोन इंजिने. मूदोंजवळ पहिल्या इंजिनाचा आस मोडला. ते कोसळले, मागचे इंजिन त्याच्यावर चढले, आणि मागून येणारे लाकडी डबे त्या ढिगावर एकामागून एक आदळत गेले. भट्टीतले निखारे विखुरले आणि लाकडाने पेट घेतला. पुढच्या डब्यांतल्या माणसांपैकी अनेक जण धडकेतून वाचले असतील, पण दारांना कुलपे होती. निदान पन्नासावर माणसे मेली. नक्की आकडा कधीच ठरला नाही, कारण मोजायला शरीरे उरली नव्हती.

मृतांत ज्यूल ड्युमाँ द्युर्व्हिल होता. दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केलेला, अंटार्क्टिकाच्या बर्फातून जहाज सुखरूप परत आणणारा हा दर्यावर्दी पॅरिसपासून काही मैलांवर बायको आणि मुलासह जळून गेला. अंटार्क्टिकातल्या ज्या किनाऱ्याला त्याने बायकोचे, आदेलचे, नाव दिले, तो आजही त्याच नावाने ओळखला जातो. त्याची स्वतःची ओळख मात्र कवटीवरून पटवावी लागली. त्याच्या सफरीतल्या एका कवटीतज्ज्ञाने पूर्वी त्याच्या डोक्याचा साचा घेऊन ठेवला होता, तो कामी आला.

मोडलेल्या आसाने अभियंत्यांना वेगळ्याच कामाला लावले. हादऱ्यांनी लोखंडाचा पोत बदलून ते ठिसूळ होते, असे तेव्हा मानत. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने मोडके आस तपासून सांगितले, की आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात चीर पडते आणि फेऱ्यागणिक आत सरकत जाते. वरून धड दिसणारा आस आतून बराच आधी गेलेला असतो. धातूच्या थकव्याचा अभ्यास पुढे फार वाढला, पण त्याच्या सुरुवातीच्या धड्यांत हा एक मोडका आस आहे.

फ्रान्समध्ये कुलपे गेली. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न कंपनी मात्र हटून बसली होती. तिच्याशी भांडायला उभा राहिला एक सत्तरीतला धर्मगुरू, सिडनी स्मिथ. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधला हा गृहस्थ आपल्या सॉमरसेटच्या गावी याच गाडीने ये-जा करी. त्याने वर्तमानपत्रात पत्रे लिहून कंपनीची यथेच्छ टर उडवली. एखादा बिशप जळून मेल्याशिवाय काही बदलणार नाही, असा त्याचा एकूण सूर. मला त्याचा दुसरा मुद्दा जास्त पटतो. चार मूर्ख उडी मारतील म्हणून शंभर शहाण्यांना कोंडायचे, हा कोणता न्याय? सरकारी रेल्वे विभागाचे मतही कुलपांविरुद्ध होते. अखेर कंपनी नमली, तीही एका बाजूचे दार मोकळे ठेवण्यापुरती.

दार मोकळे झाले तरी डबा एकलकोंडाच राहिला. १८६४ साली नॉर्थ लंडन रेल्वेच्या अशाच एका खोलीत थॉमस ब्रिग्ज या बँकेतल्या गृहस्थावर हल्ला होऊन त्यांचा खून झाला. हाक मारायची तर कोणाला? चार वर्षांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांत प्रवाशांना गार्डशी संपर्क साधता आलाच पाहिजे, असा कायदा झाला. आपण गाडीत ओढतो ती साखळी त्याच गरजेतून आली.

एवढे होऊनही १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या शाळेची सहल निघाली, तेव्हा डब्यांना कुलपे होतीच. बिनतिकिटाचे कोणी घुसू नये म्हणून! गाडी चढावर अडकली. पुढचे काही डबे आधी वर नेऊ, असे ठरवून गाडी मध्येच तोडली. निर्वात ब्रेक साध्या जातीचा होता. डबे इंजिनापासून तुटले की तो निकामी होई. मागच्या दहा डब्यांची भिस्त गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली लावलेल्या दगडांवर होती. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला आणि दगडांचा भुगा झाला. मुलांनी भरलेले डबे उतारावर सुसाट मागे सुटले आणि पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जीव गेले, त्यांत मुले बरीच.

त्याच वर्षी संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. गाडी तुटली की तो आपणहून लागतो. एका टापूत एका वेळी एकच गाडी, हेही त्याच कायद्याने बंधनकारक झाले. तोवर आर्मासारख्या ठिकाणी दोन गाड्यांत नुसते घड्याळाचे अंतर ठेवत, आणि पुढची गाडी वाटेत अडकली तर मागच्या गाडीला ते कळायला काहीच मार्ग नव्हता. घड्याळावरच्या या भरवशाने १८६१ साली क्लेटनच्या बोगद्यात काय केले, ते पुढच्या लेखांकात.