नवरा अमेरिकेत, फाइल पेंडिंग : तोवर भेटायला जाता येतं का?

लग्न झालं, सत्यनारायण झाला, जोडीनं जेजुरीला जाऊन आले आणि रजा संपली म्हणून नवरा अमेरिकेला परत गेला. जाताना सांगून गेला, "फाइल टाकतो, लवकरच बोलावून घेतो." फाइल पडते, पण नंबर लागत नाही. दिवाळसण जातो, पहिली संक्रांत जाते, संसार व्हिडिओ कॉलवर चालतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, तोवर टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन ये की!"

जाता येतं का? कायद्यानं मनाई नाही. पण फाइल पेंडिंग असताना टुरिस्ट व्हिसा मिळणं अवघड असतं. आणि तो मिळावा म्हणून फॉर्ममध्ये एका प्रश्नाला खोटं उत्तर दिलं, तर टुरिस्ट व्हिसा तर जाईलच, पण नवऱ्यानं टाकलेली मूळ फाइलही अडकेल. हे दुसरं बऱ्याच जणांना माहीत नसतं. (इथं नवरा तिकडं आणि बायको इकडं असं धरून लिहिलं आहे. बायको तिकडं आणि नवरा इकडं असला तरी नियम तेच.)

आधी नवऱ्याचा कागद बघा

"अमेरिकेत आहे" एवढ्यावर काहीच कळत नाही. तो कोणत्या कागदावर तिथं आहे, ते आधी विचारा.

तो कंपनीच्या एच-१बी व्हिसावर असेल, तर बायकोसाठी लग्नाची पिटिशन टाकताच येत नाही. त्या पिटिशनचा फॉर्म आय-१३०. तो फक्त अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला भरू शकतो. एच-१बीवाल्याच्या बायकोला एच-४ हा व्हिसा असतो. त्यावर ती नवऱ्याजवळ राहू शकते, आणि पुढं ग्रीन कार्ड घ्यायचा विचार आहे म्हणून तो नाकारला जात नाही. त्यामुळं नवरा एच-१बीवर असेल आणि घरात "फाइल पेंडिंग आहे" असं बोललं जात असेल, तर ती बहुतेक कंपनीनं टाकलेली त्याच्या ग्रीन कार्डची फाइल असते. तिच्यासाठी थांबू नका, एच-४ चं बघा.

नवरा ग्रीन कार्डवाला असेल तर खरी गाठ इथं बसते. त्याच्या बायकोची फाइल एफ-२ए नावाच्या गटात जाते. या गटात दरवर्षी ठरावीकच व्हिसा देतात, म्हणून रांग लागते. रांग कुठवर आली ते अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन'मध्ये जाहीर करतं. ग्रीन कार्ड मिळालं की माणूस एच-१बीवर राहत नाही, म्हणून बायकोचा एच-४ चा रस्ताही बंद होतो. म्हणजे ज्याचा कागद पक्का, त्याचीच बायको मागं राहते. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

इथं एक तारीख मात्र तपासाच. नवऱ्याला ग्रीन कार्ड नोकरीवरून मिळालं असेल आणि ते मिळण्याआधी तुमचं लग्न झालेलं असेल, तर त्याच्याच फाइलमागून बायकोला जाता येण्याची तरतूद आहे. त्याला 'फॉलोइंग टू जॉइन' म्हणतात. लग्न ग्रीन कार्डनंतर झालं असेल तर ती लागू होत नाही.

नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर व्हिसाच्या आकड्याची मर्यादा नाही. तरी आय-१३० ची तपासणी, मग नॅशनल व्हिसा सेंटरमध्ये फी आणि कागद, मग मेडिकल, मग मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत, एवढं सगळं व्हायला वेळ जातोच.

आणि नवरा कुणीही असो, आय-१३० ची पावती म्हणजे प्रवासाची परवानगी नव्हे. आय-१३० मंजूर झाला तरी नाही. नवरा-बायकोचं नातं मान्य झालं, एवढाच त्याचा अर्थ. विमानात बसायला व्हिसा वेगळा लागतो.

टुरिस्ट व्हिसाचं घोडं कुठं अडतं?

फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला जाण्याचा व्हिसा म्हणजे बी-१/बी-२. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४-बी सांगतं, की हा व्हिसा मागायला आलेला माणूस तिकडं कायमचं राहायलाच निघाला आहे, असं अधिकाऱ्यानं आधी धरून चालायचं. तसं नाही, मी परत येणार आहे, हे पटवून देण्याची जबाबदारी आपली.

आता तुमची फाइल काय सांगते? "हिला अमेरिकेत कायमचं राहायचं आहे." आणि तुम्ही खिडकीसमोर काय सांगता? "मी महिन्यात परत येणार." दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आज भेटून यायचं, आणि पुढं नंबर लागला की रीतसर जायचं. कायद्यालाही हे चालतं, फाइल पेंडिंग आहे एवढ्या एकाच कारणावरून नकार द्यायलाच पाहिजे असं नाही. पण दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे, आणि निर्णय त्याच्याच हातात असतो.

मग कुणाचं पटतं? जिचं इथं काही थांबलेलं आहे तिचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी आहे आणि अमुक तारखेपर्यंत रजा मंजूर आहे. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, परीक्षा मे महिन्यात आहे. स्वतःचं दुकान आहे, त्याचे जीएसटीचे कागद आहेत. आधी दुसऱ्या देशात जाऊन वेळेत परत आल्याचे शिक्के पासपोर्टवर असतील तर तेही उपयोगी पडतात. सातबारा पुष्कळ जण घेऊन जातात. पण तो सासऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या परत येण्याचा पुरावा म्हणून त्याचं वजन फारसं पडत नाही. बऱ्याचदा अधिकारी कागद मागतही नाही, तोंडी उत्तरावरच ठरवतो. नवीन लग्न झालेली, नोकरी नसलेली, सासरी राहणारी मुलगी असेल तर नकाराची शक्यता मोठी आहे, हे धरूनच पैसे खर्च करा.

खर्च किती? जून २०२३ पासून या व्हिसाची अर्जाची फी १८५ डॉलर आहे, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. नियम आणि फी मध्येच बदलतात, म्हणून भरण्याआधी अधिकृत साइट बघाच. शिवाय बोटांचे ठसे आणि फोटो एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुंबईची दोनदा धावपळ किंवा तिथं मुक्काम. मुलाखत मराठीतही देता येते. इंग्रजी पाठ करून अडखळण्यापेक्षा ते बरं.

नकार आला म्हणून नवऱ्यानं टाकलेली फाइल बिघडत नाही, हे लक्षात ठेवा. २१४-बी खाली नकार मिळाला तर अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करता येतो. परिस्थितीत काहीच बदल नसताना लगेच पुन्हा फी भरण्यात मात्र अर्थ नाही.

त्या एका प्रश्नाला "नाही" लिहू नका

व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म डीएस-१६०. त्यात विचारतात, तुमच्यासाठी कुणी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडं पिटिशन दाखल केली आहे का? नवरा कुठं आहे, त्याचा तिथला दर्जा काय, हेही विचारतात.

फॉर्म भरून देणारे काही जण इथं बिनधास्त "नाही" टाकतात. कधी तर विवाहितेला "अविवाहित" करून मोकळे होतात. "अहो ताई, तिकडं कोण बघतंय?" तर तिकडं बघतात. आय-१३० मध्ये नवऱ्यानं तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता दिलेला असतो आणि तो त्यांच्याच सरकारकडं जमा आहे. मुलाखतीला बसलेल्या अधिकाऱ्यासमोर ही माहिती येते.

मुद्दाम खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं ठरलं, तर तो माणूस अमेरिकेत जाण्यास अपात्र ठरतो, आणि ही अपात्रता जन्मभराची असते. माफीचा अर्ज असतो, पण तुम्ही न गेल्यानं नवऱ्याची अतिशय बिकट अवस्था होईल असं सिद्ध करावं लागतं. त्यात वर्षं जातात आणि वकिलाचा खर्च वेगळा. नकाराचं नुकसान फीपुरतं असतं, खोट्याचं नुकसान आयुष्यभर पुरतं. फॉर्म एजंटनं भरला तरी खाली जबाबदारी तुमचीच असते. म्हणून 'सबमिट' दाबण्याआधी प्रत्येक पान मोबाइलवर मागवून वाचा.

नावाचंही सांभाळा. आपल्याकडं लग्नात कधी कधी मुलीचं पहिलं नावच बदलतात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, पत्रिकेवर सासरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच काही. फॉर्ममध्ये "इतर नावं" असा रकाना असतो, त्यात सगळी लिहा. ग्रामसेवकाकडून लग्नाचा दाखला घेताना स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून घ्या. पुढं इमिग्रंट व्हिसाच्या वेळीही हाच दाखला लागतो.

डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीही लिहावी लागतात. इन्स्टावर "बाय बाय इंडिया" असं रील टाकायचं आणि खिडकीसमोर "महिन्यात परत येते" म्हणायचं, हे जुळत नाही.

व्हिसा मिळाला, आता विमानतळ

व्हिसा मिळाला म्हणजे आत शिरायची परवानगी मिळाली असं नाही. व्हिसामुळं फक्त दारापर्यंत जाता येतं. आत घ्यायचं की नाही हे अमेरिकेच्या विमानतळावरचा सीमा अधिकारी ठरवतो. तो विचारेल, कुणाकडं आलात, किती दिवस, परत कधी. नवरा तिथं आहे आणि फाइल पेंडिंग आहे, हे विचारलं तर सरळ सांगायचं. परतीचं तिकीट आणि रजेचं पत्र हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. बॅगेत तीस किलो संसार, सगळ्या साड्या, शाळेच्या मार्कशीट भरून नेल्या तर "महिन्यासाठी आले" हे कुणाला पटेल? त्यांना मोबाइल तपासण्याचाही अधिकार आहे.

आत घेतलं की किती तारखेपर्यंत राहता येईल ते आय-९४ या नोंदीत लिहिलेलं असतं, साधारण सहा महिन्यांपर्यंत. ही नोंद ऑनलाइन बघता येते. पासपोर्टवरच्या व्हिसावर दहा वर्षांची मुदत दिसते म्हणून दहा वर्षं राहता येतं असं समजू नका. पाळायची ती आय-९४ ची तारीख. तिच्यापुढं १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला, तर तीन वर्षं परत जाता येत नाही. एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं.

तिथं असताना काम करता येत नाही. ओळखीच्या माणसाच्या दुकानात पगारावर बसणं हेही कामच.

"गेल्यावर तिथंच थांब, तिथूनच ग्रीन कार्ड होतं" हा सल्लाही फिरत असतो. रीतसर आत गेलेल्या, नागरिकाच्या बायकोला तिथून अर्ज करण्याची तरतूद आहे हे खरं. पण राहायच्याच इराद्यानं निघून भेटीचा व्हिसा वापरला, तर तीच खोट्या माहितीची बाब होते. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला तर नंबर लागलेला असणं आणि तिथली मुदत संपलेली नसणं, दोन्ही लागतं. या वाटेनं जायचा विचारही असेल तर आधी अमेरिकेत परवाना असलेल्या वकिलाला विचारा. तालुक्याचा एजंट यात कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही.

त्यापेक्षा नवऱ्यानंच यावं

खरं सांगायचं तर बहुतेक जोडप्यांना हाच रस्ता सोयीचा. तो आला तर फाइलला काही होत नाही, उलट मदतच होते. लग्न खरं आहे का, कागदावरचं आहे, हे शेवटच्या मुलाखतीत तपासतात. त्या वेळी त्याच्या येण्याचे शिक्के, बोर्डिंग पास, दोघांचे घरच्यांसोबतचे फोटो, पाठवलेल्या पैशांच्या नोंदी उपयोगी पडतात. म्हणून तिकिटाचा कागद टाकून देऊ नका, मोबाइलमध्ये एक फोल्डर करून ठेवा.

ग्रीन कार्डवाल्यानं मात्र मुक्काम बेतानं करावा. एका फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर नागरिकत्वासाठी मोजला जाणारा काळ तुटू शकतो, आणि परवाना न घेता वर्षापेक्षा जास्त राहिला तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. तीन-चार आठवडे येऊन जाण्यात अडचण नाही. ग्रीन कार्डवर साधारण पाच वर्षं झाली की त्याला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ते मिळालं की इमिग्रेशन खात्याला किंवा फाइल जिथं असेल त्या नॅशनल व्हिसा सेंटरला कळवायचं, मग बायकोची फाइल रांगेतून निघून बिनमर्यादेच्या गटात जाते. ज्यांची पाच वर्षं होत आली आहेत त्यांनी याकडं आधी बघावं.

त्याला रजा कमी असेल तर दोघांनी तिसऱ्या देशात भेटणं हाही एक पर्याय. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही.

फाइल कुठवर आली हे विचारायला कुणाला पैसे द्यायची गरज नाही. आय-१३० च्या पावतीवर तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर असतो. नवऱ्याकडून त्या पावतीचा फोटो मागवा आणि यूएससीआयएसच्या साइटवर 'केस स्टेटस'मध्ये तो नंबर टाका. मोबाइलवर फुकट दिसतं.