दानाकडून न्यायाकडे : गायक बोनो यांचा प्रवास

रॉक संगीत म्हटले की आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही याच क्षेत्रातील एका गायकाने जगातील गरिबांची बाजू थेट सत्ताधीशांपुढे मांडली. त्याचे नाव बोनो.

आयर्लंडमधील डब्लिन शहरात १९६० साली जन्मलेल्या बोनो यांचे मूळ नाव पॉल ह्यूसन. वडील कॅथलिक, आई प्रोटेस्टंट. १९७६ साली शाळासोबत्यांनी उभारलेला ‘यू टू’ हा त्यांचा वाद्यवृंद पुढे जगप्रसिद्ध झाला.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडन व फिलाडेल्फिया येथे ‘लाइव्ह एड’ हा भव्य संगीत सोहळा झाला. लंडनमध्ये ‘यू टू’ने त्यात गायन केले. बोनो मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी पत्नीसह इथिओपियाला जाऊन त्यांनी मदत छावणीत स्वयंसेवक म्हणून काम केले. आपले मूल जगावे म्हणून ते परक्याच्या हाती सोपवू पाहणारा एक बाप त्यांना तेथे भेटला. तो प्रसंग ते आजही आपल्या भाषणांतून सांगतात.

पुढे एक कटू सत्य त्यांच्या ध्यानी आले. श्रीमंत जग एका हाताने दान देत होते आणि दुसऱ्या हाताने गरीब राष्ट्रांकडून जुन्या कर्जाची वसुली करीत होते. शाळा व दवाखान्यांसाठी लागणारा पैसा हप्त्यांत जात होता. म्हणून ते ‘ज्युबिली २०००’ या कर्जमुक्तीच्या चळवळीत सामील झाले.

या चळवळीचे मूळ पवित्र बायबलमध्ये आहे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात योबेल वर्षाची आज्ञा आहे : पन्नासाव्या वर्षी दासांची सुटका व्हावी, विकलेली वतने मूळ कुटुंबांना परत मिळावीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ सालीच गरीब राष्ट्रांच्या कर्जाचा प्रश्न महाज्युबिलीशी जोडला होता. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांनी बोनो व त्यांच्या सहकाऱ्यांना कास्टेल गांदोल्फो येथे भेट दिली. वृद्ध पोपमहोदयांनी बोनो यांचा रंगीत चष्मा मिस्कीलपणे डोळ्यांवर चढविला, तर बोनो यांना त्यांच्याकडून जपमाळ मिळाली.

चळवळीच्या निवेदनावर जगभरातील दोन कोटींहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पुढे कर्जमाफीचा हातभार लागून टांझानियाने २००१ साली प्राथमिक शाळांची फी रद्द केली. २००५ साली आठ प्रमुख राष्ट्रांनी १८ गरीब देशांचे सुमारे ४० अब्ज डॉलरचे कर्ज माफ करण्याचे ठरविले.

बोनो यांच्यावर टीकाही झाली. २००६ साली ‘यू टू’ने कर वाचविण्यासाठी आपला काही व्यवसाय नेदरलँड्सला हलविला, तेव्हा त्यांच्या शब्दांत व कृतीत अंतर असल्याचे अनेकांनी दाखवून दिले. ते संत नव्हेत, आणि तसा त्यांचा दावाही नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी कर्जमाफीचे आवाहन पुन्हा केले, कारण प्रश्न अजून संपलेला नाही. दानपेटीत नाणे टाकताना आपण एक प्रश्न स्वतःला विचारावा असे आम्हांस वाटते : समोरचा मनुष्य गरीब का राहिला? दान आवश्यक आहेच. परंतु न्यायाची जागा ते घेऊ शकत नाही.