उजळणी आणि मधली सुट्टी

परीक्षेचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले की महाविद्यालयाचा नूरच पालटतो. वर्षभर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून राजकारणाचा निकाल लावणारी मंडळी एकाएकी ग्रंथालयाच्या आत दिसू लागतात. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते. एरवी ज्याची कोणी विचारपूस करीत नाही असा पहिल्या बाकावरचा विद्यार्थी, वहीपुरता का होईना, सर्वांचा जिवलग मित्र होतो. या दिवसांत दोन प्रश्न हमखास कानी पडतात. "किती तास करतोस?" आणि "किती वेळा झाले?" तासांचा आणि वेळांचा हा हिशेब कितपत खरा असतो, याविषयी माझ्या मित्रांना आणि गुरुजनांना चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

पाच वेळा वाचले म्हणजे पाच वेळा अभ्यास झाला, अशी आपली समजूत असते. मी अंबाजोगाईत खोली करून राहतो, तेव्हा उदाहरणही इथलेच घेतो. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मधला मानतात. मात्र मुकुंदराज मराठवाड्यातील आंबेजोगाईचे की विदर्भातील अंभोऱ्याचे, हा वाद मराठीच्या विद्यार्थ्याच्या पाचवीलाच पुजलेला. पुस्तक उघडे असताना दोन्ही बाजू कशा स्वच्छ दिसतात! दुसऱ्यांदा वाचताना तर "हे आपल्याला येतेच" असे वाटून डोळे भराभर पुढे सरकतात. आता पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर दोन्ही पक्षांचे मुद्दे लिहून पाहावेत. पहिला येतो, दुसरा अर्धा येतो, तिसऱ्याला पेन थांबते. जिथे पेन थांबले, तेवढाच आपला खरा अभ्यास राहिलेला असतो. ओळखीचे वाटणे आणि आठवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षेच्या मंडपात पहिलीचा काडीइतका उपयोग नाही.

हे केवळ माझे मत नव्हे. २००६ साली अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले आणि लिहून काढणारे ५६ टक्क्यांवर राहिले. परीक्षेच्या दिवशी सकाळी बसमध्ये पुस्तक चाळणाऱ्याला जो हुरूप येतो, तो पाच मिनिटांच्या चाचणीतला हुरूप असतो, एवढे यावरून कळते.

दुसरी गोष्ट मधल्या सुट्टीची. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ साली विस्मरणावर पुस्तक लिहिले. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजी. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे विसरणे पहिल्या दिवशीच धावत सुटते, पुढे त्याची चाल मंदावते. म्हणून एका संध्याकाळी एकच प्रकरण चारदा घोकण्यापेक्षा आज, परवा, आठ दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी असे चार वेळा आठवणे फायद्याचे. आपल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको. विहिरीत पाणी आहे म्हणून तो सगळे एकाच रात्री पिकाला देत नाही, पाळ्या पाडून देतो. दोन पाळ्यांमधले कोरडे दिवस पिकाला लागतातच.

आता प्रत्यक्ष विश्रांती. तासभर बसल्यावर डोके जड झाले की आम्ही खोलीवरचे तिघे-चौघे हत्तीखान्याकडे फिरायला जातो. खडकात कोरलेल्या त्या लेण्यातले दगडी हत्ती शतकानुशतके एका जागी उभे आहेत. आमच्यापैकी एक विनोदी मित्र त्यांना 'रिपीटर' म्हणतो. परत येताना टपरीवर कटिंग चहा. यात वेळ फुकट जातो असे समजू नये. २०१२ साली एडिंबरो येथे मिकेला ड्युअर आणि सहकाऱ्यांनी काही जणांना दोन गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत नुसते शांत बसू दिले, दुसरीनंतर दहा मिनिटे चित्रांतले फरक ओळखण्याच्या खेळात गुंतवले. सात दिवसांनीही शांत बसण्याआधीची गोष्ट अधिक चांगली आठवली. प्रयोगातील माणसे साठी उलटलेली होती, हे सांगितले पाहिजे; तेव्हा तरुणांच्या बाबतीत तो जपूनच लावावा. तरी सुट्टीच्या नावाखाली मोबाईल उघडणे म्हणजे डोक्याला दुसऱ्या कामाला जुंपणे होय, एवढा संशय घ्यायला हरकत नाही. अंगठा चालू असला की डोकेही चालूच असते.

येथे कोणी विचारील, मग १४ एप्रिलचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपल्याकडे ठिकठिकाणी होतो, आणि तो नेमका परीक्षेच्या हंगामात येतो. मी दोन वर्षे त्यात बसलो आहे. शेकडो मुले-मुली पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एका मांडवात पुस्तक घेऊन बसतात, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला 'आजच्या पिढीला वाचायला नको' असे म्हणण्याचा धीर होणार नाही. त्या दिवशी मिळते ती बैठक, आणि एका महापुरुषाच्या ज्ञानसाधनेला केलेले वंदन. ते एका दिवसाचे व्रत आहे. ते रोजचे वेळापत्रक करून झोप चार तासांवर आणणे, हा मात्र त्या व्रताचा अर्थ नव्हे. दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते. झोप कापली तर आपण आपल्याच अभ्यासाला कात्री लावतो.

येथवर जे लिहिले ते ज्याच्या हाती स्वतःचा वेळ आहे त्याच्यासाठी. आपल्या जिल्ह्यात तसे सगळे नाहीत. दसरा-दिवाळी झाली की धारूर, केज, पाटोदा, शिरूर, वडवणीकडची गावे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. आपल्या सत्र परीक्षाही साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल अशाच येतात. म्हणजे एक परीक्षा घरचे निघण्याच्या धांदलीत आणि दुसरी परतण्याच्या धांदलीत. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय झाली, ती काहींना मिळतेही. महाविद्यालयीन विद्यार्थी मोठा समजला जातो. त्याने एक तर कोयता धरावा, नाही तर घर धरावे. वर्गातल्या कितीतरी मुली या महिन्यांत म्हातारे आजी-आजोबा, धाकटी भावंडे आणि दावणीची जनावरे सांभाळून पेपर देतात.

माझे आईवडील दर साली जातात. सुट्टीत मीही फडावर असतो. तिथे मोळी बांधताना मनातल्या मनात मुद्दे आठवता येतात, वाढे गोळा करताना सनावळी म्हणता येते. कागद लागत नाही, दिवा लागत नाही. उजळणीपुरता हा तुकड्यातुकड्यांचा वेळ वाया जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण रात्री दोन वाजता ट्रक भरायला उठणे ही मधली सुट्टी नव्हे. थकवा आणि विसावा यांत फरक आहे. त्या दिवसांत मोळी डोक्यावर असते तेव्हा डोक्यात दुसरे काही मावत नाही. "कष्टातूनच अभ्यास होतो" असे गौरवाने बोलणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. अंतर्गत चाचण्यांच्या तारखा सत्राच्या आरंभीच फलकावर लावाव्यात. चार दिवस आधी कळले तर फडावरून येणाऱ्याला गाडीही मिळत नाही आणि मुकादमाची परवानगीही. आणि आठवड्यातून एक तास तरी वर्गात पुस्तके मिटून, 'मागच्या महिन्यात काय शिकलो' एवढेच लिहून घ्यावे. त्याला गुण नसले तरी चालतील.

ज्याच्या खोलीवर कोणी जोडीदार नाही, त्याने घरातल्याच कोणाला धरावे. माझी आई शाळेत गेलेली नाही. मार्चमध्ये ती परतली की संध्याकाळी भाकरी थापताना मला समोर बसवते आणि "हं, सांग आज काय केलंस" म्हणते. अंभोरे आणि आंबेजोगाईचा वाद मी तिला तीनदा सांगितला आहे. उत्तर बरोबर की चूक ते तिला कळत नाही. पण मी कुठे अडखळलो ते नेमके कळते. मग ती तव्यावरची भाकरी उलटते आणि म्हणते, "हे जमलं नाही बरं का. परत वाच जा."