फटाक्यांची ऑनलाइन विक्री : कायदा, नीती आणि महाड-पोलादपूरचा संदर्भ

प्रस्तावना

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. दिवाळीच्या सुमारास येथील बाजारपेठेत फटाक्यांची तात्पुरती दुकाने लागतात. त्याच सुमारास शिवकाशीच्या विक्रेत्यांची दरपत्रके भ्रमणध्वनीवर घरबसल्या उघडता येतात, आणि तेथील दर स्थानिक दरांपेक्षा पुष्कळ कमी दिसतात. ग्राहकाला ही केवळ स्वस्ताईची बाब वाटते. परंतु या व्यवहारात जो धोका निर्माण होतो तो कोणाच्या वाट्याला जातो, हा प्रश्न कायद्याच्या आणि नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

परवाना आणि जागा

स्फोटके अधिनियम, १८८४ आणि त्याखालील स्फोटके नियम, २००८ यांची रचना पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. फटाके विक्रीचा परवाना व्यक्तीला मिळत असला तरी तो विशिष्ट जागेशी आणि विशिष्ट साठ्याशी बांधलेला असतो. सणासुदीच्या तात्पुरत्या दुकानांविषयीचा नियम ८४ या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. शेड न जळणाऱ्या साहित्याची असावी, दोन शेडमध्ये किमान तीन मीटर व संरक्षित वास्तूंपासून पन्नास मीटर अंतर असावे, शेडची तोंडे समोरासमोर नसावीत, उघड्या ज्योतीचा दिवा नसावा आणि एका ठिकाणी पन्नासांहून अधिक दुकाने नसावीत, असे हा नियम सांगतो. या अटी कागदी वाटतात. तथापि २९ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्हा परिषद मैदानावरील फटाका बाजाराला आग लागून शंभराहून अधिक दुकाने जळाली, तेव्हा दोन दुकानांमधील अंतराचा अर्थ सर्वांच्या ध्यानी आला.

ऑनलाइन विक्रीत नेमकी ही जागाच नाहीशी होते. माल कोठे साठवला आहे, तो कोणत्या वाहनातून निघाला, वाटेत कोणत्या गोदामात उतरला, हे ग्राहकाला ठाऊक नसते आणि स्थानिक प्रशासनालाही नसते. अधिनियमाच्या कलम ६अ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस स्फोटके विकणे वा पाठविणे निषिद्ध आहे. दुकानदार समोरच्या मुलाला निदान पाहू तरी शकतो. संकेतस्थळाला फक्त भ्रमणध्वनी क्रमांक दिसतो.

न्यायालयाचा आदेश आणि पळवाट

अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या निर्णयानुसार फटाके केवळ परवानाधारक विक्रेत्यांमार्फतच विकता येतात. ई-व्यापार संकेतस्थळांनी ऑनलाइन मागणी स्वीकारू नये व विक्री करू नये, तसे केल्यास तो न्यायालयाचा अवमान ठरेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे प्रकरण मुळात दिल्लीच्या हवेचे होते. तीन बालकांच्या वतीने २०१५ मध्ये ही याचिका दाखल झाली होती. म्हणूनच ऑनलाइन विक्रीवरील बंदी ही प्रदूषणापुरतीच आहे असा समज आढळतो. तो अपुरा आहे. वाहतूक आणि साठवण यांचा धोका हवा स्वच्छ असलेल्या पोलादपुरातही तितकाच राहतो.

या आदेशानंतर एक नवी रीत रूढ झाली. अनेक संकेतस्थळांवर ‘न्यायालयाच्या आदेशानुसार आम्ही ऑनलाइन विक्री करीत नाही’ अशी सूचना ठळकपणे दिलेली असते आणि तिच्याखालीच मालाची यादी, दर व ‘चौकशी पाठवा’ असे बटण असते. ग्राहक यादी भरतो, नंतर दूरध्वनी येतो, पैसे बँकेतून पाठविले जातात आणि माल ट्रान्सपोर्टने येतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या परिभाषेत दरपत्रक हे प्रस्तावासाठीचे निमंत्रण असते. ग्राहकाची चौकशी हा प्रस्ताव आणि दूरध्वनीवरील होकार ही स्वीकृती, असा युक्तिवाद करता येईल. परंतु शब्द बदलल्याने व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही. आदेशाचा हेतू लक्षात घेता ही पळवाट टिकणे कठीण दिसते.

यात फसवणुकीचाही एक पदर आहे. पैसे घेऊन नाहीशी होणारी बनावट संकेतस्थळे दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर उगवतात. करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार कायद्याने निषिद्ध हेतूचा करार शून्य ठरतो. त्यामुळे फसलेला ग्राहक तक्रार करण्यास कचरतो. वास्तविक फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा असून १९३० या सायबर मदत क्रमांकावर ती नोंदविता येते.

हरित फटाक्यांच्या बाबतीतही हेच घडते. ते विकसित करणारी ‘नीरी’ आणि स्फोटकांवर नियंत्रण ठेवणारी ‘पेसो’ या दोन्ही संस्थांची मुख्यालये नागपुरात, म्हणजे आपल्याच राज्यात आहेत. खोक्यावरील क्यूआर संकेत दुकानात तपासता येतो, चित्रावरून खात्री होत नाही.

घाटातील वाहतूक

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६७ व १६४ अन्वये धोकादायक माल बेकायदा नेणे हा गुन्हा आहे. त्यामुळे वीर स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाने पिशवीत फटाके आणणेही बेकायदा ठरते. उरतो तो रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाने येणारा माल महाडच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीजवळून जातो, पुढे कशेडीचा घाट वा बोगदा आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे अंबेनळी घाट लागतो. २८ जुलै २०१८ रोजी अंबेनळी घाटात कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा बचावकर्त्यांना दोरखंडाच्या साहाय्याने खाली उतरावे लागले होते. अशा मार्गावर ‘घरगुती साहित्य’ म्हणून नोंदविलेल्या खोक्यात काय आहे हे चालकाला, हमालाला वा शेजारच्या मालाच्या धन्याला माहीत नसते. गंभीर भाजलेल्या रुग्णासाठीचे नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीला, पनवेलच्याही पलीकडे आहे. ज्यांनी धोका पत्करण्यास संमती दिलेली नाही त्यांच्यावर तो लादला जातो, ही या व्यवहारातील मुख्य नैतिक अडचण होय. दरपत्रकातील सवलतीचा काही भाग याच लपविलेल्या धोक्यातून आलेला असतो.

सुटी रसायने

तयार फटाक्यांपेक्षा अवघड प्रश्न सुट्या साहित्याचा आहे. पोटॅशियम नायट्रेट हे १३:०:४५ या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेले विद्राव्य खत आहे. ॲल्युमिनियमची भुकटी रंगकामात लागते. ही खरेदी स्वतंत्रपणे वैध असते. मात्र त्यांचे मिश्रण करून दारू तयार करणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उत्पादन होय. विनापरवाना उत्पादनास कलम ९ब खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. गंधक व क्लोरेट यांच्या मिश्रणावर तर १९९२ पासूनच बंदी आहे, कारण ते घर्षणानेही पेट घेते. चित्रफितीतून कृती शिकणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद ठाऊक नसतो. कोकणच्या डोंगरात रानडुकरांसाठी पेरले जाणारे गावठी बॉम्बही अशाच दारूचे असतात, आणि त्यांवर पाय पडतो तो पुष्कळदा गुराचा वा गुराख्याचा.

महाविद्यालयीन रसायनशास्त्र विभागांच्या भांडारात क्लोरेट, नायट्रेट व गंधक एकाच छताखाली असतात. त्यांची आवक-जावक नोंदवही विद्यार्थ्यांसमोर भरली जाते की वर्षाअखेरीस एकाच बैठकीत, हे प्रत्येक विभागास तपासून पाहता येईल.