मैदान हीसुद्धा आरोग्यसेवाच

व्यायाम ही ज्याच्या-त्याच्या आवडीची बाब मानली जाते. पण मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार घरोघरी पोहोचलेले असताना तो एकट्यादुकट्याचा प्रश्न राहत नाही. पाणीपुरवठा आणि लसीकरण यांच्याइतकाच तो सार्वजनिक आहे.

लंडनच्या बसमधला पुरावा

व्यायाम आणि हृदयविकार यांचे नाते शास्त्रीय पद्धतीने मांडण्याचे मोठे श्रेय डॉ. जेरी मॉरिस यांना जाते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे देत जिने चढून-उतरून काम करत. दोघेही साधारण एकाच सामाजिक थरातले. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरेच कमी आढळले. १९५३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढच्या संशोधनाने त्यांना बळ दिले.

शरीरात काय घडते?

चालताना, धावताना स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात, त्यामुळे मधुमेह आटोक्यात राहायला मदत होते. नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, हृदयाची ताकद वाढते, हाडे टणक राहतात. झोप सुधारते, नैराश्य आणि चिंतेचा त्रास कमी होतो. उतारवयात तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, तर पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका घटतो.

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. झपझप चालणे त्यात बसते. धावण्यासारखा जोरकस व्यायाम असेल, तर ७५ ते १५० मिनिटे पुरतात. शिवाय आठवड्यातून किमान दोनदा स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. शाळकरी मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत. एवढे जमले नाही, तरी थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा चांगली.

आपण कुठे आहोत?

याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. भारतात हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते: पुरुषांत सुमारे ४२ टक्के, महिलांत ५७. या तफावतीला आळस म्हणून मोकळे होता येणार नाही. सकाळ डबे आणि पाणी भरण्यात जाते, संध्याकाळ स्वयंपाकात. उरलेल्या वेळी मैदानावर दिवे नसतील, स्वच्छतागृह नसेल, तर बाईने जायचे कुठे?

सोय केली की लोक येतात

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४पासून ‘सिक्लोव्हिया’ हा उपक्रम चालतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात. त्यावर सायकली चालतात, मुले खेळतात, आजी-आजोबा फिरतात.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे, पुण्याची महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था १९२४ची. समाजाची तब्येत समाजानेच घडवायची, या जिद्दीतून गावोगावी तालमी आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या. आपले खेळही कमी खर्चाचे आहेत. खो-खोला दोन खांब आणि सपाट जागा पुरते, लंगडीला तेवढेही लागत नाही. मुलांना खेळ शिकवायला पैसा थोडा लागतो. मोकळी जागा आणि रोजचा तास मात्र लागतोच.

काय करता येईल?

शाळांनी पीटीचा तास गणित-विज्ञानाला देऊ नये. नगरपालिकांनी खेळासाठी राखीव भूखंड राखीवच ठेवावेत आणि पदपथ चालण्याजोगे करावेत. शाळांची मैदाने सुट्टीच्या दिवशी वस्तीसाठी खुली व्हावीत. महिलांसाठी सुरक्षित जागा आणि सोयीच्या वेळा ठरवाव्यात.

दवाखाना आजारी माणसाला बरे करतो; मैदान अनेकांना आजारापासून दूर ठेवते. म्हणून पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत दवाखान्याबरोबर मैदानही मागा, आणि मिळाले की घरातल्या सगळ्यांना घेऊन तिथे जा.