उन्हाळ्याची दुपार आणि बाळाची टोपी

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. धाकट्या लेकीला महिनाभर आधीच कळा आल्या. रातोरात गाडी करून दवाखान्यात नेले आणि पहाटे मुलगा झाला. बाळ नाजूक, वजन जेमतेम दोन किलो. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आजी, टोपी-मोजे आणलेत ना? आधी त्याचं डोकं झाका." मी मोठ्या तोऱ्यात गाठोडे सोडले. लेकीचेच लहानपणीचे लोकरीचे टोपडे पेटीच्या तळाशी जपून ठेवले होते, ते घाईत तसेच उचलून आणले होते. उजेडात धरले तर त्याची चाळणी झालेली! कसर लागली होती. शेवटी शेजारच्या खाटेवरल्या बाईंनी त्यांच्या बाळाची जास्तीची टोपी दिली, म्हणून वेळ निभावली. तीस वर्षे सुया चालवणाऱ्या बाईचा नातू पहिल्या दिवशी उसन्या टोपीत निजला.

तेव्हापासून ठरवले, थंडीचे विणकाम थंडी आल्यावर करायचे नाही. ते वैशाखात करायचे.

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, वैशाखात आणि लोकर? पण पाहा. रास घरात आलेली असते, पापड-कुरडया उरकलेल्या असतात, मृगाला अवकाश असतो. भर दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. एरवी ही दुपार लोळण्यात नाहीतर गप्पांत जाते. गप्पा मारूच नयेत असे मी म्हणत नाही. विणताना तोंड मोकळेच असते.

हाताला घाम येतो ही तक्रार मात्र खरी. त्याला उपाय एवढाच की मोठे काम मांडीवर घ्यायचे नाही. टोपी, मोजे, बाही असे लहान तुकडे घ्यावेत. पूर्ण स्वेटरचे पाठ-पोट सकाळच्या गारव्याला ठेवावे. मांडीवर धुतलेला पांढरा पंचा पसरावा, हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. गुंडा तांब्यात ठेवला तर घरभर गडगडत नाही आणि धूळही लागत नाही. घामेजल्या हातात ॲल्युमिनियमच्या सुया बुळबुळतात. वेळूच्या सुया बऱ्या. कांब तासून, काचकागदाने घासून, खोबरेल तेलाचा हात फिरवला की घरच्या घरी छान सुया होतात. ओळी मोजायला दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके पुरे. दर दोन ओळींना एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. हे काम नातवंडांना द्यावे, आवडीने करतात.

नवी लोकर विकत घेण्याआधी घरातले जुने स्वेटर बाहेर काढा. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरमधून बाळाचा सगळा संच निघून वर लोकर उरते. आधी शिवणी उलटून पाहा. शिवणीला आतून इंटरलॉक मारलेले असेल तर नाद सोडा. ते कापड कापून शिवलेले असते, उसवताना ओळीओळीला धागा तुटतो. हातविणीचे स्वेटर बहुधा खालच्या पट्टीपासून सुरू होऊन खांद्याला संपते, म्हणून धागाही खांद्याकडूनच सुटतो. खालून ओढत बसलात तर गुंता होईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

सुटलेला धागा नागमोडी असतो. त्याचा लगेच गुंडा करू नये. स्टूल उलटे ठेवून त्याच्या पायांभोवती धागा गुंडाळावा, लडीला चार ठिकाणी सैल बांधावे आणि रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. चोळायचे नाही, पिळायचे नाही. गरम पाणी आणि चोळणे या दोन्हींनी लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. पंचात दाबून पाणी टिपावे आणि लडी सावलीत काठीवर टांगावी. खाली दुसरी हलकी काठी अडकवली की धागा सरळ होतो. वैशाखात ही लडी सावलीतसुद्धा संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. हेच काम श्रावणात केले तर दोन-तीन दिवस ओली राहून कुबट वास येतो.

धाग्याचे तुकडे जोडायला गाठ मारू नका, बाळाच्या टाळूला टोचते. दोन्ही टोके उकलून, जरा ओली करून, एकावर एक ठेवून तळहातावर जोरात चोळली की खरी लोकर जुळून जाते. ॲक्रिलिक असे जुळत नाही.

आणि इथे एक जिवाची गोष्ट सांगायची आहे. बाजारात लोकर म्हणून मिळणारे स्वस्त गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. ते धुवायला सोपे, आटत नाही, कसरही त्याच्या वाटेला फारशी जात नाही. त्यात वाईट काही नाही. पण आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असते, बाळाला शेक देतात, धुरी देतात. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते भडकते आणि वितळून कातडीला चिकटते. धागा कशाचा आहे हे ओळखायला वीतभर तुकडा चिमट्यात धरून, मुलांना दूर ठेवून, अंगणात पेटवून पाहा. खरी लोकर हळूहळू जळते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळत जळते आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मणी राहिला तर ते कपडे घातलेले बाळ शेगडीजवळ न्यायचेच नाही. खरे तर कोणतेच बाळ विस्तवाजवळ नेऊ नये. आमच्या सासूबाईंना हे पटवायला मला फार वर्षे लागली. दवाखान्यात नातवाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच लेकीच्या उघड्या छातीशी ठेवले होते. कातडीला कातडी लागून आईची ऊब मिळते, ती शेगडीपेक्षा चांगली. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून उघड्या डोक्यातून ऊब भराभर जाते. टोपीचे महत्त्व ते.

आता टोपी. चारपदरी मऊ लोकर, १० आणि १२ नंबरच्या सुया. आपल्याकडे नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, हे नवख्या मुलींनी ध्यानात ठेवावे. आधी १० नंबरवर नमुन्याचा चौकोन विणा आणि पट्टीने मोजा. चार इंचांत २८ टाके, म्हणजे इंचाला सात भरले पाहिजेत. कंटाळा करून हे टाळू नका. इंचाला अर्धा टाका कमी भरला तर पुरी टोपी जवळजवळ एक इंचाने मोठी होते आणि बाळाच्या डोळ्यांवर येते. कमी भरले तर सुई एक नंबर बारीक घ्या.

१२ नंबरच्या दोन सुया एकत्र धरून त्यांवर ८८ टाके घाला, मग एक सुई काढून घ्या. याने काठ सैल राहतो आणि कपाळाला वळ उठत नाही. एक सुलट, एक उलट अशा आठ ओळी. मग १० नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे सुरुवातीपासून साडेतीन इंच होईपर्यंत विणा. आता घट. सुलट ओळीत नऊ टाके विणून पुढचे दोन एकत्र, असे आठ वेळा. ८० टाके राहतील. परतीची ओळ उलट, घट नाही. पुढच्या सुलट ओळीत आठ विणून दोन एकत्र, त्यापुढे सात विणून दोन एकत्र, असे करत सुईवर आठ टाके उरेपर्यंत जा. धागा तोडून शिवणाच्या सुईने त्या आठांतून ओवा, घट्ट ओढा आणि मागची शिवण घाला. दिवसाआधीच्या नाजूक बाळासाठी ८० टाक्यांनी सुरुवात करून पहिली घट आठ विणून दोन एकत्र अशी करावी. टोपीला पंचवीस ग्रॅमच्या आसपास लोकर लागते. गळ्याशी बांधायच्या नाड्या लावू नका. मोजे विणाल तर आतले धागे नीट ओवून कापा. लोंबता धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट काळेनिळे पडेपर्यंत कुणाला कळत नाही.

मधेच टाका निसटला तर उसवू नका. खाली आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. सुलट बाजू समोर घेऊन क्रोशाची सुई निसटलेल्या टाक्यात समोरून घाला, लगेच वरची पायरी पकडून टाक्यातून पुढे ओढा. अशा एकेक पायरीने वर या आणि टाका सुईवर चढवा.

आणि हो, ही लोकर उन्हाळ्यात जन्मलेल्या धडधाकट बाळासाठी नव्हे. वैशाखात स्वेटर-टोपडे घालून घामोळलेली, रडून लाल झालेली बाळे मी पुष्कळ पाहिली. त्यांना मऊ सुती झबले पुरे.

लोकरीचा कंटाळा आला की सुती धाग्याचा माठावरचा रुमाल विणा. चार टाके घालून एक ओळ विणा. मग प्रत्येक ओळीत दोन टाके विणून धागा पुढे घ्या आणि बाकी सगळे सुलट विणा. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला जाळी पडते. ४४ टाके झाले की उलटा प्रवास. एक टाका सुलट, दोन एकत्र, धागा पुढे, दोन एकत्र, बाकी सुलट. चार टाके उरले की बंद करा. चारी कोपऱ्यांना जड मणी शिवा, वाऱ्याने उडत नाही. ज्या घरात कापूस पिकतो त्या घरातल्या माठावर प्लॅस्टिकची ताटली बघवत नाही.

राहिली पेटी. कपडे खाते ते कसरीचे पाखरू नव्हे, त्याची अळी. घामाचे आणि दुधाचे डाग तिला फार आवडतात. म्हणून वापरलेले कपडे धुतल्याशिवाय ठेवू नयेत. पेटी रिकामी करून कडक उन्हात उघडी टाका, कपडेही उन्हात झटका, शिवणी ब्रशने झाडा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बांधलेल्या पिशवीत ठेवा. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. अशा बाळाचे रक्त त्या वासाने फुटते आणि कावीळ विकोपाला जाते. कोणत्या बाळात ती उणीव आहे हे वरून ओळखता येत नाही.

माझ्या डब्यात आता तीन टोप्या आहेत, दोन ८८ टाक्यांच्या आणि एक ८० ची. मोठ्या सुनेला कार्तिकातले दिवस आहेत. दिवाळी आटोपली की डबा एकदा उघडून पाहायचा आणि टोप्या पुन्हा धुऊन ठेवायच्या.