भिंत आणि विस्तव यांच्यामधलं इंचभर अंतर

येऊरच्या चढावर, कल्याण-मुरबाड रस्त्यालगत, बदलापूरच्या पुढच्या वाड्यांमध्ये शनिवार-रविवारपुरत्या घरांत चूल परत आली आहे. गॅस असतो, इंडक्शनही असतं, तरी पडवीत एक चूल हवीच. कुणी पिझ्झाची भट्टी बांधून घेतो, तर कुणी काचेच्या दाराची विलायती लोखंडी शेगडी आणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवतो. तिच्यामागची भिंत बरेचदा हौसेने लाकडी फळ्यांनी किंवा लॅमिनेट चिकटवलेल्या प्लायने सजवलेली असते. मिस्त्रीला याबद्दल विचारलं, की त्याचं उत्तर तयार असतं: "मागे टाइल मारून देतो ना. टाइल काय जळते होय?"

टाइल जळत नाही, हे अगदी खरं. पण न जळणं आणि उष्णता अडवणं हे दोन वेगळे गुण आहेत. आठ-दहा मिलिमीटरची टाइल उष्णता थोडा वेळ धरते आणि मग मागे सोडून देते. ती थेट प्लायवर चिकटवलेली असेल, तर प्लायला विस्तवाची झळ थोडी उशिरा लागते, इतकाच फरक. टाइल जशीच्या तशी चकचकीत दिसते आणि तिच्या पाठीमागे लाकूड हळूहळू काळं पडत जातं.

विस्तवापासून भिंतीकडे उष्णता मुख्यतः प्रारणाने जाते, म्हणजे सूर्याची ऊब आपल्यापर्यंत पोचते त्याच मार्गाने. या प्रारणाचा हिशेब भयंकर आहे. ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ३०० अंश सेल्सिअसवरचा लोखंडी पत्रा दर चौरस मीटरमागे जास्तीत जास्त ६ किलोवॉट उष्णता फेकतो. तोच पत्रा ६०० अंशांवर मंद लाल झाला, की हा आकडा ३३ किलोवॉटच्या आसपास जातो. म्हणजे सेल्सिअसमधलं तापमान दुप्पट आणि झळ पाचपटीहून जास्त. मे महिन्यातल्या भर दुपारच्या डोंबिवलीच्या उन्हात हाच आकडा जेमतेम १ किलोवॉट असतो.

लाकूड पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात, असं पुस्तकात वाचून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. हा आकडा ताज्या लाकडाचा आणि थोड्या वेळाच्या आचेचा. तेच लाकूड शंभर-सव्वाशे अंशांत महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं भाजत राहिलं, तर आधी त्यातलं पाणी जातं, मग त्याचे रेणू तुटू लागतात आणि हळूहळू त्याचा कोळसा होत जातो. असं लाकूड नेमकं किती तापमानाला पेटेल, यावर अग्निशास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. ताज्या लाकडापेक्षा ते अधिक बेभरवशाचं असतं, यावर मात्र नाही. "दहा वर्षं इथेच शेगडी आहे, काही झालं नाही" हा युक्तिवाद म्हणूनच उलटा वाचावा लागतो.

मग करायचं काय? इथे एक मजेदार आकडा आहे. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक चुलाणी, धुराडी आणि लाकडाच्या शेगड्या यांबद्दल आहे. कुठल्याही प्रयोगशाळेने न तपासलेली लाकडाची शेगडी जळू शकणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच दूर हवी, असं ते सांगतं. मध्ये साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत लाकडाला चिकटून बांधली, तर हे अंतर २४ इंचांवर आणता येतं. आणि अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड असा साधा पत्रा भिंतीपासून इंचभर पुढे उभा केला तर? १२ इंच चालतात. इतक्या पातळ पत्र्याने साडेतीन इंच विटेवर मात केली!

ही करामत पत्र्यामागच्या इंचभर पोकळीची आहे. पत्रा तापतो, त्याच्या पाठीमागची हवा तापते, हलकी होऊन वर जाते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. शेगडी जितकी तापेल तितका हा वारा जोराने वाहतो. विजेचा पंखा लागत नाही, बटण लागत नाही. अट एवढीच, की पत्रा खाली जमिनीपासून आणि वर छतापासून मोकळा राहिला पाहिजे. आपल्याकडे नेमकी इथेच माशी शिंकते. खालच्या फटीतून झुरळं जातात म्हणून सुतार तिथे पट्टी ठोकतो आणि वरून दिसायला नीट दिसावं म्हणून सिलिकॉन भरतो. वारा बंद, उपयोगही बहुतेक बंद. पत्रा ज्या आधारांवर उभा करायचा तेही धातूचे किंवा चिनी मातीचे हवेत आणि शेगडीच्या ऐन पाठीमागे नकोत. पत्रा चकचकीत असेल तर तो बरीचशी झळ परत फेकतो. काजळी बसली की हा गुण जातो. तेव्हा अधूनमधून पुसणं हे निव्वळ टापटिपीचं काम नाही.

हे सगळं वाचताना येऊरच्याच पाड्यांवरची जुनी घरं आठवतात. वारली आणि इतर आदिवासींच्या घरांना कारवीच्या काठ्यांचा कूड असे. शहापूर-मुरबाडकडे तो अजूनही दिसतो. कारवी म्हणजे वाळलेलं, हाताच्या बोटाएवढं, सहज पेट घेणारं काटूक. तिच्या भिंतींच्या आत रोज सकाळ-संध्याकाळ चूल पेटते आणि घर उभं राहतं. कारण तिथे विचाराची दिशाच वेगळी आहे. भिंतीला चिलखत घालण्याऐवजी आगीलाच घातलेलं आहे. मातीची चूल तीन बाजूंनी बंद असते, तोंड फक्त पुढे आणि वर भांडं बसलेलं. कुडाकडे पाहणाऱ्या बाजूला लालभडक विस्तव कधी दिसतच नाही, दिसते ती मातीची जाड पाठ.

कुडावरच्या लिंपणाचंही असंच. माती आणि शेणाच्या थरामुळे कारवीला हवा मिळत नाही, आणि हवा नाही तर ज्वाला नाही. शेणातले गवताचे बारीक तंतू माती आकसताना तिला धरून ठेवतात. तरी आचेने भेगा पडतातच. भेग पडली की तिथून उष्णता आणि ठिणगी थेट काठीपर्यंत पोचते. चुलीवरून आणि तिच्या आसपास सतत पोतेरं फिरवण्याच्या रिवाजात स्वच्छता आहे, शुचिता आहे, आणि रोजच्या रोज भेगा बुजवणंही आहे. आगीच्या विम्याचा हप्ता इतका स्वस्त क्वचितच भरला जात असेल.

आग गुंडाळण्याचा माझ्या मते सर्वांत देखणा नमुना म्हणजे तांब्याचा बंब. कल्याणच्या जुन्या वाड्यांतल्या आणि ठाण्याच्या चाळींतल्या न्हाणीघरात तो असे, आता बैठकीत शोभेला असतो. मधोमध उभी नळी, तिच्यात जळण, खाली जाळी आणि राखेची जागा. नळीभोवती चहूकडून पाणी. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आत निखारे धगधगत असले तरी बंबाचं बाहेरचं अंग त्याहून जास्त तापू शकत नाही. शिवाय चकचकीत तांबं प्रारण फारच कमी टाकतं. म्हणून बंब भिंतीशेजारी खुशाल उभा राहत असे. त्याला भीती दोनच: वरच्या तोंडातून निघणाऱ्या ज्वाळेची, आणि पाणी न भरता पेटवणाऱ्या धांदरटाची.

विलायती शेगडीचं काम याच्या उलट आहे. बर्फाळ प्रदेशात खोली तापावी म्हणूनच ती बनवलेली. चहूकडे झळ फेकणं हाच तिचा धर्म. आमच्या दमट हवेत खोली तापणं ही शिक्षा. तेव्हा हौस म्हणून ती आणायची असेल, तर तिच्यासोबत तिच्या देशातली अंतरंही आणावी लागतात. आणि तिचं धुराडं कौलांतून किंवा पत्र्यातून बाहेर काढताना वासे आणि रिपांना चिकटवून चालणार नाही.

शहरातल्या फ्लॅटमध्ये भिंती विटांच्या किंवा हलक्या वायुमिश्रित ठोकळ्यांच्या, त्या पेटणार नाहीत. पण त्यांच्या पोटात पीव्हीसीच्या नळ्या आणि त्यांतून विजेच्या तारा गेलेल्या असतात. साध्या पीव्हीसी वेष्टनाची तार ७० अंशांपर्यंत चालवायची, असं प्रमाण आहे. बाल्कनीतल्या तंदूरमागची भिंत हाताला चटका बसण्याइतकी तापत असेल, तर आतल्या तारेची काय अवस्था असेल, याचा विचार गिलावा उकरण्याआधी केलेला बरा.

जमिनीची गोष्ट निराळी. तिथे ज्वाळेपेक्षा निखारे पडण्याचा धोका मोठा, म्हणून शेगडीच्या तोंडापुढे निदान दीड फूट न जळणारी जागा सोडतात. बाळंतिणीच्या शेकासाठी फ्लॅटमध्येही कोळशाची शेगडी येते, तेव्हा जाणती आजी ती घमेल्यातल्या वाळूवर किंवा विटांवर ठेवायला सांगते. एकाच जागी तापलेली टाइल फुगू पाहते, भोवतालच्या गार टाइला तिला फुगू देत नाहीत आणि ती तडकते. शेगडीच्या तळाशी राखेचा थर राहू द्यावा. राखेतल्या अडकलेल्या हवेमुळे उष्णता खाली फार कमी जाते. खिडकी मात्र उघडी हवीच. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

सिमेंटचं दुखणं उशिरा कळतं. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉकवर होळी पेटते. सिमेंट घट्ट होताना तयार झालेला चुन्याचा अंश ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान पाणी गमावतो आणि त्याची चुनकळी होते. दुसऱ्या दिवशी राख झाडली की ब्लॉक बरे दिसतात. पुढे ती चुनकळी हवेतला ओलावा शोषून पुन्हा फुगते आणि ब्लॉक भुसभुशीत होऊन त्याचे पापुद्रे सुटू लागतात. गच्चीवर थेट स्लॅबवर लाकडं पेटवणाऱ्यांनी यात आणखी एक भर घालावी: पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काँक्रीटचे टवके उडतात, आणि गळती थांबवण्यासाठी खर्च करून घातलेला डांबरी किंवा रबरी थर त्याच्या कितीतरी आधी वितळून गेलेला असतो. ज्या सोसायट्यांत होळीआधी मातीचा जाड थर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी घमेल्यांनी तो उचलून झाडांना घालतात, तिथला वॉचमन हे सगळं रसायनशास्त्र न शिकता बरोबर करतो.